पोर्टलवरील परवानग्या: आधी गट नीट पाडावेत

नमस्कार. आपला प्रश्न दोनदा वाचला. उत्तर लांबणार आहे, कारण आपण जे विचारले आहे त्याच्या आधी एक प्रश्न येतो आणि तो सुटल्याशिवाय पुढचे कोणतेही उत्तर टिकणार नाही.

आपण सांगितलेली अडचण थोडक्यात अशी. नाशिक जिल्ह्यातील एका द्राक्ष निर्यातदार शेतकरी उत्पादक कंपनीचे पोर्टल आपण सांभाळता. सर्व्हर लिनक्सचा आहे, पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आणि मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस आहे, ॲप्लिकेशन कंपनीतल्याच माणसांनी लिहिलेले आहे. मेनूत निफाड, दिंडोरी, चांदवड आणि सिन्नर असे चार भाग आहेत. प्रत्येक भागात फवारणीच्या नोंदी, रेसिड्यू अहवाल (मालात उरलेल्या कीटकनाशकांच्या तपासणीचे), पॅकहाउसची तपासणीपत्रे आणि शेतकऱ्यांच्या पेमेंटचे तक्ते आहेत. आजवर प्रत्येक फाइलवर माणसागणिक परवानगी दिली गेली. आता कर्मचारी साठच्या घरात गेले आहेत, एकाची बदली झाली की परवानग्या बदलण्यात अर्धा दिवस जातो, आणि मागच्या आठवड्यात निफाडच्या पॅकहाउस सुपरवायझरला पेमेंटचा तक्ता उघडता आला. म्हणून आपण विचारता की, तालुक्याचा एक गट करून त्या गटावर परवानगी द्यावी आणि जे दाखवायचे नाही तेवढ्यावर मनाई लावावी, हे योग्य होईल का?

गटावर परवानगी द्यावी, हे नक्की. मात्र तालुक्याचा एक गट करू नये आणि मनाई शक्यतो लावूच नये. का, ते सांगतो.

मेनूची रचना आणि परवानगीची रचना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेनू माणसाला वस्तू सापडावी म्हणून असतो आणि परवानगी ती वस्तू कोणाच्या हाती पडावी हे ठरवण्यासाठी असते. नवीन पोर्टल उभे करताना आपण सगळेच मेनूचे झाड आधी काढतो आणि मग त्याच झाडाच्या फांद्यांना परवानग्या टांगतो. सुरुवातीला ते चालते, कारण तेव्हा पाच-सात माणसे असतात आणि सगळ्यांनी सगळे पाहिले तरी बिघडत नाही. माणसे वाढली की फांदी एक आणि तिच्यावरची फळे वेगवेगळ्या मालकांची, अशी अवस्था होते. आपल्या निफाडच्या भागात नेमके हेच झाले आहे.

गट बरोबर पडला आहे की नाही हे पाहण्याची माझी एक साधी कसोटी आहे. गटातले कोणतेही दोन कागद घ्यावेत आणि विचारावे: यांतला एक पाहू शकतो पण दुसरा पाहू शकत नाही, असा एक तरी माणूस कंपनीत आहे का? असेल, तर तो गट चुकला आहे आणि तो तिथेच दोन भागांत कापायला हवा. निफाडची फवारणीची नोंद आणि निफाडचा पेमेंट तक्ता समोर ठेवा. सुपरवायझरने पहिली पाहायलाच हवी आणि दुसरा पाहता कामा नये. म्हणजे ‘निफाड’ हा परवानगीचा गट होऊच शकत नाही, मेनूतला तो एक मथळा आहे. याच कसोटीला जोडून दुसरा प्रश्न विचारावा: हा कागद कोणी पाहावा हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? पेमेंटच्या तक्त्याबाबत तो लेखा विभागाच्या प्रमुखाचा आहे, तपासणीपत्राबाबत गुणवत्ता प्रमुखाचा. ज्यांचा निर्णय घेणारा माणूस वेगळा आहे, ते कागद सहसा एका गटात राहत नाहीत.

मी हे काम नेहमी कागदावर करतो. मोठ्या आलेखाच्या कागदावर उभ्या रकान्यांत कागदांचे गट आणि आडव्या ओळींत भूमिका लिहितो, आणि प्रत्येक चौकोनात पाहणे, भरणे, बदलणे, मंजूर करणे यांपैकी काय चालेल ते संबंधित प्रमुखाला समोर बसवून त्याच्याकडूनच लिहून घेतो. संगणकासमोर बसलेला प्रमुख ‘तूर्त सगळे देऊन टाका’ म्हणतो, आणि तोच माणूस पेन हातात धरून चौकोनापाशी थांबला की विचार करतो. हा फरक मी इतक्या वेळा पाहिला आहे की, आता संगणकावर ही बैठक घेतच नाही.

आपल्याकडे कागदांचे चार प्रकार आणि चार ठिकाणे आहेत, म्हणजे सोळा गट होतील. इथे एक खड्डा आहे. ‘निफाड सुपरवायझर’, ‘दिंडोरी सुपरवायझर’, ‘निफाड लेखनिक’ अशा भूमिका करत गेलात, तर वर्षभरात भूमिकांची संख्या माणसांच्या संख्येच्या पुढे जाईल आणि आज फाइलवर जो घोळ आहे तोच उद्या भूमिकांवर होईल. म्हणून भूमिका पाच किंवा सहाच ठेवाव्यात: फील्ड ऑफिसर, पॅकहाउस सुपरवायझर, गुणवत्ता प्रमुख, लेखनिक, लेखा प्रमुख, ॲडमिन. भूमिका देताना तिच्यासोबत कार्यक्षेत्र आणि मुदत नोंदवावी. डेटाबेसमध्ये एका ओळीत चार गोष्टी असतील: व्यक्ती, भूमिका, कार्यक्षेत्र, शेवटची तारीख. निफाडच्या सुपरवायझरची दिंडोरीला बदली झाली तर त्या एका ओळीतले कार्यक्षेत्र बदलेल आणि काम संपेल. भूमिकांवर आधारलेली ही पद्धत डेव्हिड फेराइओलो आणि रिचर्ड कून या संगणकशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये मांडली आणि २००४ मध्ये ती अमेरिकेत मानक झाली. तिचा गाभा एवढाच की, माणूस आणि परवानगी यांना थेट जोडायचे नाही.

मुदतीचा रकाना मात्र रिकामा सोडू देऊ नये. जानेवारी ते एप्रिल या हंगामापुरती जी माणसे येतात, त्यांची परवानगी देतानाच ३० एप्रिल ही तारीख घालावी. काढून टाकायचे काम नंतर कोणी आठवणीने करेल, यावर विसंबणे मला आजवर कुठेही परवडलेले नाही.

आता कार्यक्षेत्राबद्दल, कारण आपल्या व्यवसायात ते दिसते तितके सरळ नाही. निफाडच्या प्लॉटवरचा माल दिंडोरीच्या पॅकहाउसमध्ये पॅक होऊ शकतो. मग त्या प्लॉटचा रेसिड्यू अहवाल दिंडोरीच्या सुपरवायझरने पाहायचा की नाही? पाहायलाच हवा, कारण अहवाल मर्यादेत असल्याशिवाय त्याने तो माल आत घेऊ नये. म्हणजे फील्ड ऑफिसरचे कार्यक्षेत्र तालुका आहे, तर सुपरवायझरचे कार्यक्षेत्र आहे त्याच्याकडे आलेला लॉट. हे दोन धागे वेगळे ठेवावेत. ‘अपेडा’ या कृषी निर्यातीचे काम पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीत २००६ पासून निर्यातीच्या प्रत्येक प्लॉटला नोंदणी क्रमांक असतो आणि तो आपल्या डेटाबेसमध्ये असणारच. अहवाल प्लॉटला बांधावा, लॉट प्लॉटला आणि पॅकहाउसला बांधावा, आणि सुपरवायझरसाठी नियम असा लिहावा की, ज्या प्लॉटचा लॉट त्याच्या पॅकहाउसकडे नोंदला गेला आहे, त्या प्लॉटचा अहवाल त्याला दिसेल. नात्यांवरून परवानगी ठरवण्याची ही पद्धत मोठ्या प्रमाणावर कशी चालते हे गूगलने २०१९ मध्ये आपल्या ‘झांझिबार’ या प्रणालीवरील निबंधात दाखवले आहे, पण साठ माणसांसाठी वेगळी यंत्रणा उभारण्याची गरज नाही, डेटाबेसमधला एक जोड पुरेसा आहे. चार प्रकारांपैकी फक्त रेसिड्यू अहवालांनाच हा नियम लागेल, बाकी तिघांना साधे कार्यक्षेत्र पुरते. सगळीकडे हुशारीचा नियम लावण्याचा मोह टाळावा.

मनाईकडे येतो. ‘परवानगी’ या शब्दाचा अर्थ सगळ्या प्रणालींत जवळपास एकच असतो, ‘मनाई’चा तसा नसतो. ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये स्पष्ट मनाई नेहमीच वरचढ ठरते. विंडोजच्या फाइल सिस्टीममध्ये मात्र वरच्या फोल्डरकडून वारशाने आलेल्या मनाईवर खालच्या फाइलवर थेट दिलेली परवानगी मात करते, आणि हे बऱ्याच अनुभवी ॲडमिननाही ठाऊक नसते. आपल्या पोस्टग्रेसमध्ये तर मनाई हा प्रकारच नाही. तिथे दिलेला हक्क काढून घेता येतो, पण तोच हक्क माणसाला दुसऱ्या एखाद्या गटाकडून मिळत असेल तर काढून घेऊनही तो शिल्लक राहतो. त्यामुळे ‘निफाड गटाला सगळे, फक्त पेमेंटला मनाई’ असा नियम आपण लिहिला, तर त्याचा अर्थ लावणाऱ्याला दर वेळी क्रम आठवावा लागेल. दोन वर्षांनी हे पोर्टल दुसऱ्या कोणाच्या हाती जाईल आणि त्याला तो क्रम कोणी सांगितलेला नसेल.

जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ मध्येच लिहून ठेवले आहे की, निर्णय परवानगीवर आधारावा, वगळण्यावर नाही. कारण व्यावहारिक आहे. परवानगी द्यायची राहिली तर माणूस तासाभरात फोन करतो आणि चूक दुरुस्त होते. मनाई लावायची राहिली तर कोणीच फोन करत नाही. आपल्या सुपरवायझरने पेमेंटचा तक्ता पाहिल्याचे आपल्याला कळले, हा योगायोग होता. तसे याआधी किती वेळा झाले असेल, हे आज सांगता येणार नाही.

अपवाद करावाच लागला तर मनाई लावण्याऐवजी तो कागद वेगळ्या गटात हलवावा. प्रत्येक कागद परवानगीच्या एकाच गटात असावा, मेनूत तो हव्या तितक्या ठिकाणी दिसू द्यावा. एकच कागद दोन गटांत ठेवला की दोन्ही गटांच्या माणसांना तो उघडतो आणि गटाची भिंत नकळत खाली येते. हलवतानाही सावध राहावे. लिनक्समध्ये फोल्डरवर गटाचा विशेष बिट लावला असेल, तर तिथे नव्याने तयार झालेली किंवा कॉपी केलेली फाइल फोल्डरचा गट घेते, पण त्याच डिस्कवर दुसरीकडून हलवून आणलेली फाइल आपला जुना गट सोबत घेऊन येते. म्हणून फाइल सिस्टीमच्या परवानग्यांवर हिशेब न ठेवता फाइल कोणत्या गटातली हे डेटाबेसच्या रकान्यात लिहावे, आणि डिस्कवरच्या सगळ्या फाइली फक्त ॲप्लिकेशनच्या खात्यालाच वाचता येतील अशा ठेवाव्यात.

यानंतरचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथे मी स्वतः चुकलो आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी सातपूरच्या एका कारखान्यासाठी मी कर्मचाऱ्यांचे पोर्टल केले. गट नीट पाडले होते, भूमिका नीट होत्या, ज्याला जे दिसू नये ते त्याच्या मेनूत येत नव्हते. पोर्टल सुरू होऊन महिना झाला असेल, तेव्हा मशीनवर काम करणारा एक तरुण दुपारच्या सुट्टीत माझ्याकडे आला. त्याने आपली पगाराची स्लिप फोनवर उघडून दाखवली. पत्त्याच्या शेवटी ४१२७ हा आकडा होता. अंगठ्याने त्याने सात पुसला, आठ टाकला, आणि दुसऱ्या माणसाची स्लिप उघडली: नाव, मूळ पगार, सोसायटीची कपात, बँक खात्याचे शेवटचे आकडे. ‘साहेब, मी कोणाला सांगितलेले नाही, पण हे बंद करा,’ एवढेच तो म्हणाला. मी मेनू लपवला होता, फाइल उघडीच होती. पेजवर परवानगी तपासली जात होती आणि पीडीएफ मात्र वेब सर्व्हर स्वतःच थेट देत होता. त्या मुलाच्या प्रामाणिकपणामुळे शेकडो माणसांची खासगी माहिती वाचली.

हीच चूक आजही सर्वांत जास्त होते. वेब सुरक्षिततेवर काम करणाऱ्या ‘ओवास्प’ या संस्थेच्या धोक्यांच्या यादीत परवानगीच्या तपासणीतील त्रुटी २०१७ मध्ये पाचव्या क्रमांकावर होत्या, २०२१ मध्ये त्या पहिल्या क्रमांकावर आल्या. आपल्याकडे एनजिनएक्स असल्यामुळे उपाय हाताशी आहे. फाइलींच्या मार्गाला ‘इंटर्नल’ घोषित करावे. मग बाहेरून कोणी तो मार्ग थेट मागितला तर ४०४, म्हणजे ‘सापडले नाही’ असे उत्तर मिळते. विनंती आधी ॲप्लिकेशनकडे जावी, त्याने भूमिका, कार्यक्षेत्र आणि मुदत तपासावी, आणि सगळे जुळले तरच एनजिनएक्सला विशेष हेडरमधून ‘ही फाइल दे’ असे सांगावे. परवानगी नसलेल्या माणसालाही ४०४ च द्यावा, कारण ‘परवानगी नाही’ असे उत्तर दिले तरी तो कागद अस्तित्वात आहे हे त्याला कळतेच.

तपासणीचा कोड एकाच ठिकाणी असावा. पेज, पीडीएफ, एक्सेलची निर्यात, शोधाची यादी आणि मोबाइल ॲप या सगळ्यांनी त्याच एका फंक्शनला विचारावे. शोधाची यादी विशेष पाहावी. ‘पेमेंट निफाड’ असे शोधल्यावर फाइल उघडत नसली तरी तिचे नाव आणि पहिली ओळ दिसत असेल, तर गळती चालूच आहे. पोस्टग्रेसच्या ९.५ आवृत्तीपासून ओळीच्या पातळीवर नियम लावता येतात आणि दुसरी भिंत म्हणून ते जरूर वापरावेत. मात्र टेबलच्या मालकाला ते नियम एरवी लागूच होत नाहीत. आपले ॲप्लिकेशन मालकाच्याच खात्याने डेटाबेसला जोडले जात असेल, तर नियम लिहूनही ते निष्प्रभ राहतील. ॲप्लिकेशनसाठी वेगळे, कमी हक्कांचे खाते करावे.

परवानगी काढली तरी माणूस आत असतो, ही तक्रारही आपल्याला लवकरच येईल. लॉगिनच्या वेळी भूमिका सेशनमध्ये, म्हणजे चालू लॉगिनच्या तात्पुरत्या नोंदीत, भरल्या जातात आणि नंतर कोणी त्या पुन्हा पाहत नाही. लिनक्समध्येही एखाद्याला गटातून काढले तरी त्याच्या चालू लॉगिनला ते लागू होत नाही. यावर उपाय म्हणून प्रत्येक व्यक्तीच्या नोंदीत एक क्रमांक ठेवावा, परवानगी बदलली की तो एकाने वाढवावा, आणि सेशनमधला क्रमांक जुना निघाला तर भूमिका नव्याने वाचाव्यात.

इथवरचे एकत्र सांगायचे तर: कसोटी लावून गट पाडावेत, थोड्या भूमिका ठेवून त्यांना कार्यक्षेत्र आणि मुदत जोडावी, मनाईऐवजी कागद हलवावा, आणि तपासणी फाइलच्या दारात करावी. बाकी पुष्कळसे परिस्थितीवर अवलंबून आहे. आपण पुढे तयार पोर्टलकडे वळलात तर तिथले नियम पाळावे लागतील. उदाहरणार्थ, मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंट या तयार पोर्टलच्या एका यादीत वेगळी परवानगी असलेले घटक ५०,००० पर्यंत चालतात, पण कंपनी स्वतः ५,०००च्या आत राहायला सांगते. फाइलीगणिक परवानगी ही पद्धत तिथेही फार काळ टिकत नाही, हे यावरून दिसते.

पॅकहाउसच्या टॅबचा प्रश्न आपण ओझरता उल्लेखला आहे. तिथे एका पाळीतल्या सगळ्या जणी एकाच लॉगिनवर काम करतात आणि हात ओले असताना प्रत्येकीने पासवर्ड टाकावा ही अपेक्षा अन्यायाची आहे. टॅबच्या खात्याला फक्त नोंद भरण्याची परवानगी द्यावी, जुन्या नोंदी पाहण्याची देऊ नये, आणि नोंद करणारीसाठी चार आकडी पिन ठेवावा. तसेच कंटेनर रात्री न्हावा शेव्याकडे निघायचा असतो, कागद मंजूर करणारा माणूस लग्नाला गेलेला असतो, आणि मग फोनवर पासवर्ड सांगितला जातो. हे ओरडून थांबत नाही. अशा वेळी दुसऱ्या प्रमुखाने कारण लिहून चार तासांची तात्पुरती परवानगी देता यावी, अशी सोय पोर्टलमध्येच करावी आणि त्याची नोंद दुसऱ्या दिवशी सकाळी संचालकांना जावी. नोंदी किती दिवस ठेवाव्यात हे आपण विचारले नाही, तरी सांगतो: ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सर्व्हरचे लॉग किमान १८० दिवस ठेवावे लागतात. पेमेंटच्या तक्त्यावर कोणी नजर टाकली याची नोंद मी यापेक्षा जास्त, निदान पुढचा हंगाम संपेपर्यंत ठेवीन. शेतकऱ्याचा बँक खाते क्रमांक ही त्याची वैयक्तिक माहिती आहे आणि ती कंपनीकडे विश्वासाने दिलेली आहे.

हे सगळे कधी करावे? हंगामात मुळीच नाही. एप्रिलची खरड छाटणी उरकल्यावर आणि ऑक्टोबरच्या छाटणीआधी जो निवांत काळ मिळतो, तो या कामाचा. पेमेंट तक्त्यांची थेट लिंक मात्र आजच बंद करावी, त्यासाठी थांबू नये. नवीन नियम तयार झाले की ते लगेच लागू करू नयेत. दोन आठवडे जुनी तपासणी निर्णय देत राहावी आणि नवी तपासणी तिच्याशेजारी चालून फक्त आपले मत लिहून ठेवावे. रोज संध्याकाळी दोघींचे मत जिथे वेगळे पडले त्या ओळी काढाव्यात. जुनी ‘नाही’ आणि नवी ‘हो’ म्हणते अशी प्रत्येक ओळ संबंधित प्रमुखाला दाखवून सही घ्यावी. जुनी ‘हो’ आणि नवी ‘नाही’ म्हणते अशा ओळींत दोन प्रकार निघतील: काहींत आपला नवा नियम अपुरा असेल आणि काम अडेल, तर काहींत आजवर नकळत उघडे राहिलेले दार असेल. या यादीत निफाड सुपरवायझर आणि पेमेंट तक्ता ही जोडी पहिल्याच दिवशी यायला हवी. ती आली नाही, तर नवे नियम पुन्हा तपासावेत आणि जुनी तपासणी तोवर हलवू नये.